दीर समोर असताना

६ जानेवारी १९९७, सोमवार. सांगली

मागच्या वहीत, १९ जुलै १९९५ च्या पानावर मी लिहिलं आहे : ‘आज शालूबाईंची मुलाखत घेतली. त्या म्हणाल्या, मला आजाराचं नाव सांगू नका, घरातली माणसं काय ते बघतील.’ हे चूक आहे. शालूबाई काहीच म्हणाल्या नव्हत्या. ते वाक्य त्यांच्या थोरल्या दिरांचं. ते खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते आणि शालूबाई पदर कपाळाखाली ओढून भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी प्रश्न त्यांना विचारला, उत्तर दिरांनी दिलं आणि मी ते शालूबाईंच्या नावावर घातलं. वहीतही, मुलाखतीच्या कागदावरही.

वहीतल्या ओळीवर आज एक रेघ मारली, वर बरोबर काय ते लिहिलं, बाजूला सही आणि तारीख. ही पद्धत अण्णांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं नक्कल विभागात होते. लहानपणी माझे सांधे तापानं धरले, त्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अण्णांनीच घरी शिकवलं, जुन्या जबान्यांवर अक्षर गिरवून घेऊन. खरवडायचं नाही, गिरगटायचं नाही. चूक वाचता आली पाहिजे.

वहीचं झालं. पण कागदाचं काय करू? तो आता पुस्तिकेत गेलाय.

नीट लिहून काढते, नाहीतर रागात काहीतरी सुटेल. दीड वर्षापूर्वी आमच्या कॅन्सर रुग्णालयात तीस रुग्णांच्या मुलाखती झाल्या. आजाराचं नाव आपल्याला कळावं असं रुग्णांना वाटतं का, हा विषय. मुलाखती आम्ही शिकाऊ मुलींनी घेतल्या. आमच्या ट्यूटर पद्मा मॅडम आणि रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर देवदत्त यांच्या नावानं त्याची पुस्तिका निघाली. तिच्यात लिहिलंय की आपल्या भागातल्या रुग्णांना, विशेषतः ग्रामीण स्त्रियांना, नाव जाणून घ्यायची इच्छा नसते. कुटुंबावर भार सोपवून त्यांना शांती मिळते. त्यावरून १ मार्चपासून नियम येणार आहे. रुग्णानं विचारलं तरी नर्सनं आजाराबद्दल बोलायचं नाही, ‘नातेवाइकांना विचारा’ म्हणायचं. बोलली तर मेमो.

आमच्याकडे बुधवारचं वाचन असतं. कुठलंही संशोधन वॉर्डात वापरण्याआधी एका नर्सनं ते तपासून सगळ्यांसमोर मांडायचं. या पुस्तिकेसाठी मॅडमनी माझं नाव घातलं, तारीख ५ फेब्रुवारी. आज मला पुस्तिका दिली आणि वर मूळ हस्तलिखित कागदांचा गठ्ठाही दिला. कोणाला देत नाहीत. मी विचारलं, "मॅडम, हे कशाला?"

"तुझं अक्षर मला लागत नाही," त्या म्हणाल्या. "तूच वाच."

माझं अक्षर! साताऱ्याच्या कोर्टात चाललं असतं असं अक्षर. संध्याकाळपर्यंत मला त्याचाच राग होता. मग गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवलेला कागद वाचला. अकरा नंबर, शालूबाई. रागाची जागा बदलली.

९ जानेवारी, गुरुवार

तीसही कागद दोनदा वाचले. सोबत तपासणीचे दहा प्रश्न आहेत, मॅडमनीच कुठल्याशा परदेशी मासिकातून मराठीत करून सायक्लोस्टाइल केलेले. माझ्या प्रतीत सहाव्या प्रश्नाखाली पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. आधी कोणीतरी वापरलेली प्रत मला दिलेली दिसते. सहावा प्रश्न : मुलाखतीच्या वेळी तिथे आणखी कोण होतं, आणि त्यामुळे उत्तर बदललं असेल का?

आमच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. बापरे. कोर्टात कोणाच्या समक्ष हे लिहिल्याशिवाय साधा पंचनामा होत नाही.

माझ्या सात मुलाखती मला आठवतात. दोनदा सासरे होते, तीनदा थोरले दीर, एकदा नवरा. एकीपाशी कोणी नव्हतं. इतर मुलींच्या कागदांवर समासात कुठे कुठे सापडतं : ‘पतीने मान हलवली’, ‘मामंजींनी सांगितले’. आणि तीस जणांत ‘मला सगळं सांगा’ म्हणणारे रुग्ण चारच. त्यांतल्या तिघांच्या समासात ‘सोबत कोणी नाही’ असं लिहिलंय. पुस्तिकेत त्यांना ‘अपवाद’ म्हणून दोन ओळींत गुंडाळलंय.

पुस्तिकेत एका रुग्णेचं वाक्य अवतरणात आहे : ‘मी माझा भार कुटुंबावर सोपवून निश्चिंत झाले आहे.’ कोरेगाव तालुक्यातली कोणती बाई असं बोलते? मूळ कागदावर एवढंच आहे : ‘रुग्ण गप्प.’

गप्प राहिली म्हणजे निश्चिंत झाली! थोरल्या दिरासमोर, सासऱ्यासमोर सून बोलत नाही, हे आम्हा मुलींना माहीत नव्हतं का? आमच्या आया-मावश्यांनी हेच केलं. माहीत होतं, म्हणूनच विचित्र वाटलं नाही. बाहेरगावच्या कोणी मुलाखती घेतल्या असत्या तर निदान ती म्हणाली असती, अहो, ही बोलत का नाही?

शालूबाईंचा केसपेपर रेकॉर्डमधून काढला. ऑगस्ट ९५ : ‘गाठ कमी झाल्याने रुग्ण स्वेच्छेने घरी.’ एप्रिल ९६ : पुन्हा दाखल. त्यापुढची नोंद दोन ओळींची आहे, ती इथे उतरवत नाही. पुस्तिकेत अकरा नंबर ‘समाधानी’ या गटात आहे. पुस्तिका जून ९६ मध्ये छापली.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत ड्युटीत गेली. तीन नंबर खाटेवर राहीबाई आहेत, रहिमतपूरजवळच्या. वय बेचाळीस, छातीत गाठ. काल तिसरं औषध सलाईनमधून गेलं. आणखी तीन व्हायची आहेत, मग ऑपरेशन. नवरा फौजेत जबलपूरला आहे, त्यामुळे सगळं बघतात ते थोरले दीर, रिटायर सुभेदार लालासाहेब.

राहीबाई दिरांशी बोलत नाहीत. आमच्या वॉर्डातल्या आया, सुलाबाई, मध्ये उभ्या राहतात. तिघंही चार हातांच्या आत, आणि संभाषण असं :

"सुलाबाई, त्यास्नी म्हणावं, गाठ बसली. आता मी हितं न्हाई ऱ्हायची."

"दादा, त्या म्हणत्यात—"

"आयकलं मी. त्यास्नी म्हणावं, डाक्टर सांगत्याल तवाच जायाचं."

"आवं आयकलं की त्यांनी बी!" सुलाबाई वैतागल्या. "म्या काय टेलिफोनचा खांब हाय व्हय?"

अख्खा वॉर्ड हसला. राहीबाईसुद्धा पदराआड हसल्या. पण हट्ट सोडला नाही. गाठ गेली. केस गेले, तोंड आलं, अन्न जात नाही. बरं झाल्यावर कशाला औषध? ऊस तुटायला आलाय, घरात माणूस नाही. त्यांचं एकही वाक्य चूक नव्हतं. त्यांना सांगितलंय की उष्णतेची गाठ आहे. उष्णतेची गाठ बसली की बाई घरी जाते.

लालासाहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. हातात टोपी. "सिस्टरबाई, तुमी सांगा की त्यास्नी काय तरी."

"काय सांगू?"

"काय बी. गाठीचं पानी आत ऱ्हायलंय म्हणा. खोटं बोलाय तुमास्नी शिकवलं असंल की."

मला असा संताप आला की हातातला ट्रे वाजला. म्हटलं, "खरं सांगा ना तुम्हीच."

"मी?" म्हणाले. "सव्वीस वर्सांत मी त्यांचं त्वांड न्हाई बघितलं नीट. मी त्यास्नी ह्ये सांगू?"

माणूस वाईट नाही. त्याचाच जास्त राग येतो.

२० जानेवारी, सोमवार

बायकांच्या वॉर्डात आज संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. सुलाबाईंनी दुपारी सगळे पुरुष हाकलले. "चला, भायर! बायकांचं हाय." एक जावई घुटमळत होता, त्याच्या हातावर तिळाची वडी ठेवून त्यालाही दाराबाहेर काढलं.

दार लागलं आणि वॉर्ड बदलला. मी इथे अडीच वर्षं आहे, या बायकांचे आवाज मी पहिल्यांदा ऐकले. कोणाचा नवरा कसा घोरतो, कोणाच्या सुनेनं दागिने कुठे लपवलेत. मग एकीनं विचारलं, तुला काय झालंय म्हणून सांगितलं? उष्णतेची गाठ. मला बी. मला वाताची. मग कोणीतरी म्हणालं, "समद्यास्नी उष्णताच व्हती, तर हितं बरफाचा कारखाना का न्हाई काढला?" हसल्या, आणि एकदम गप्प झाल्या.

मी राहीबाईंच्या खाटेवर बसले होते. विचारलं, "काय झालंय ते कळावं असं तुम्हाला वाटतं का?" अगदी तोच प्रश्न, तेच शब्द.

"आवं, माजं शरीर हाय. मला न्हाई कळाय पायजे तर काय म्हशीला?"

"मग आल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प का राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या परक्या देशातून आलेय. "भावजी बसलं व्हतं की म्होरं! त्यांच्याम्होरं छातीचं बोलू? तुमी इचारताय बी लय भारी." मग माझा हात धरला. "आता न्हाईत. आता सांगा. काय झालंय मला?"

मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील."

हे मी लिहून ठेवते. मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. हात सोडवून घेतला आणि कुंकवाची कोयरी पुढच्या खाटेकडे नेली. नियम अजून लागू नाही, मेमो नाही, कोणी बघत नव्हतं. तोंडातून तेच वाक्य आलं, शिकवल्यासारखं.

राहीबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

राहीबाई काल घरी गेल्या. चौथं औषध ४ फेब्रुवारीला आहे असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांना वाचता येत नाही.

२६ जानेवारी, रविवार. सातारा

दोन दिवस घरी. अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते सहाव्या प्रश्नावर खूश होतील. झालेही. "कोणासमक्ष? बरोबर. हे नसेल तर ती जबानीच नव्हे. तुझे कागद फेटाळले पाहिजेत." उत्साहानं उठून चष्मा शोधू लागले. पुस्तिकेवर स्वतः पेन्सिलीनं खुणा केल्या.

त्यांच्या हाताकडे बघता बघता मला आई आठवली. १९८९. आईला सांगितलं होतं, अल्सर आहे. मी सतरा वर्षांची होते, मलाही अल्सरच सांगितला होता.

म्हटलं, "अण्णा, आईला सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं?"

"तिचीच इच्छा होती."

"ती तसं म्हणाली?"

पेन्सिल खाली ठेवली. "अपू, नवरा-बायकोत प्रत्येक गोष्ट बोलून होत नाही."

"ती म्हणाली का, एवढंच विचारते."

"ती काही विचारत नव्हती. मी समजलो."

"डॉक्टरांनी तिला विचारलं तेव्हा खोलीत कोण होतं?"

ते उठले आणि बागेतल्या नळाला पाईप लावायला गेले. भर दुपारी. जाईला दुपारचं पाणी घालत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलंय. मी मागोमाग गेले नाही. ताटं वाढली, वरणात मीठ घालायचं विसरले. ते काही न बोलता जेवले आणि मला ते इतकं असह्य झालं की मीच म्हणाले, "अळणी आहे, म्हणा ना!"

"असू दे," म्हणाले.

असू दे, असू दे. या घरात, वॉर्डात, सगळीकडे असू दे.

संध्याकाळी मला स्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात तिनं कपाटाच्या किल्ल्या तुझ्या उशाशी ठेवल्या होत्या. मी त्या परत जागेवर ठेवल्या. तिला काही कळलेलं नाही, असंच मी तेव्हा धरून चाललो." पुढचं ऐकू आलं नाही, बस हलली.

कऱ्हाडपर्यंत मला त्यांचा राग होता. त्यापुढे काय होतं त्याला नाव सुचत नाही.

२९ जानेवारी, बुधवार. सांगली

डॉक्टर देवदत्तांनी बोलावून घेतलं. पद्मा मॅडम तिथेच बसल्या होत्या. मी काय मांडणार आहे हे डॉक्टरांना कळलं होतं. मॅडमनीच सांगितलं असणार, दुसऱ्या कोणाला मी मसुदा दाखवला नव्हता.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "त्र्याण्णव साली एका शिकाऊ मुलीनं व्हरांड्यातून जाता जाता एका बाईला सांगून टाकलं, तुम्हाला कॅन्सर आहे. त्या बाईनं दुसऱ्या दिवशी विहीर जवळ केली. तिच्या नवऱ्याला मी तोंड दिलंय, तुम्ही नाही. हा नियम मला हौस म्हणून नको आहे."

हे मला माहीत नव्हतं. राहीबाईंच्या घराजवळ विहीर असेलच. पण व्हरांड्यातून जाता जाता सांगणं आणि शेजारी बसून सांगणं हे एकच कसं? मी तसं म्हणाले, अडखळत.

"आणि यातले सात कागद तुमच्या हातचे आहेत," ते म्हणाले. "ते चूक म्हणालात तर चूक कोणाची ठरेल? मार्चमध्ये तुमची नोकरी कायम व्हायची आहे. विचार करा."

मी मॅडमकडे बघितलं. त्या डायरी चाळत होत्या. म्हणाल्या, "सर, पाचला मला जमत नाही. हिची पाळी बाराला ढकलते."

"बाराला विश्वस्तांची बैठक आहे. ते वाचनाला येऊन बसतात."

"हो का? पण आता दुसरी तारीख नाही."

म्हणजे विश्वस्तांसमोर माझी फजिती करायची! बाहेर आल्यावर मी तसं बोलूनच दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मोठ्यानं वाचायची सवय कर. तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही." आधी अक्षर, आता आवाज. एवढा डूख माझ्यावर का आहे, कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

राहीबाई आल्या नाहीत. चौथ्या औषधाच्या बाटल्या दुपारपर्यंत ट्रेमध्ये नुसत्या पडून होत्या.

दुपारी लालासाहेब एकटेच आले. पॅसेंजरनं, डब्यात उभे राहून. व्हरांड्यात बसायलाही तयार नव्हते.

"न्हाई म्हणत्यात. घरातल्या समद्यांनी सांगून बघितलं. गाठ न्हाई तर दवाखाना कशाला, म्हणत्यात. तुमी एक चिट्टी द्या. लिवा, की औषिद न्हाई घेतलं तर गाठ दुसरीकडं निगती. मी वाचून दावतो."

"वाचून कोण दाखवणार? तुम्ही तर बोलत नाही."

"प्वार वाचंल. पुतनी."

मी म्हणाले, "चिठ्ठी देणार नाही. मी स्वतः येते आणि त्यांना खरं सांगते. सगळं. नाव, औषध का हवं, सोडलं तर काय होतं, घेतलं तर काय आशा आहे. त्या रडतील तर बसून राहते. पण माझी एक अट आहे. मी बोलेन तेव्हा तुम्ही घरात थांबायचं नाही. ओसरीवरसुद्धा नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. फौजेतला माणूस, आणि मी पंचवीस वर्षांची.

"आनि त्यांनी काय करून घेतलं म्हंजे?"

"मलाही तीच भीती वाटते," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "म्हणून रात्री त्यांच्याजवळ निजायला कोणीतरी बाई हवी. पण न सांगता काय होतं ते मी बघितलंय. एक बाई अशाच घरी गेल्या. आठ महिन्यांनी आल्या त्या—"

"बास," म्हणाले.

टोपी फिरवत उभे राहिले. सुलाबाई फरशी पुसत आल्या. त्यांना म्हणाल्या, "दादा, पाय उचला," आणि त्यांनी मुकाट्यानं एक एक पाय उचलला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनवारी तोडकऱ्यांची टोळी येनार हाय. मी दिसभर उसातच असतो त्या दिशी." चार पावलं जाऊन वळले. "हरणाबाईला, माज्या भनीला, बोलवून घेतो कोरेगावास्नं. निजंल ती."

५ फेब्रुवारी, बुधवार

काल झोप लागली नाही. ज्या गोष्टी चुकू शकतात त्यांची यादी केली, चौदा झाल्या. पंधरावी सुचल्यावर यादी फाडली.

डॉक्टर देवदत्तांना न सांगता जाणं बरोबर नाही, आणि सांगितलं तर जाऊ देणार नाहीत. आजारपणाची रजा टाकून जा, असं मैत्रिणी म्हणतात. मी आजारी नाही. म्हणून साधा रजेचा अर्ज लिहिला, आणि कारणाच्या जागी जे आहे ते : ‘रुग्ण राहीबाई यांना त्यांच्या घरी भेटून त्यांचा आजार त्यांना सांगणे व पुढील उपचारांस तयार करणे.’ अक्षर लागतं. अर्ज आधी पद्मा मॅडमकडे जातो, मग ऑफिसात. डॉक्टरांकडे सोमवारी, एकगठ्ठा, म्हणजे मी जाऊन आल्यावर.

मॅडमनी अर्ज हातात घेतला. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. एवढा चार ओळींचा अर्ज, किती वेळ! मी उभी. मनात सगळी उत्तरं तयार होती, कागद माझे आहेत, चूक माझी आहे, नोकरी गेली तर जाऊ दे. एकही वापरावं लागलं नाही. त्यांनी खाली सही केली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"रजेची तारीख घातली नाहीस," म्हणाल्या.

एवढं लिहिलं त्यातलं यांना दिसलं काय, तर तारीख! मी त्यांचंच पेन उचललं, आणि इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं : शनिवार, दिनांक ८ फेब्रुवारी १९९७.